आजारी मूल आणि आईचा खाडा

मुंबई-पुण्याकडील कोणत्याही पाळणाघराच्या प्रवेश-अर्जाच्या पाठीमागे जी नियमावली छापलेली असते, तिच्यात शुल्क, वेळ आणि डबा यांविषयीची कलमे संपली की एक कलम हटकून येते : मुलास ताप, जुलाब, उलटी, डोळे येणे किंवा अंगावर पुरळ यांपैकी काही असल्यास त्या दिवशी त्यास आणू नये, आणि दिवसाच्या मध्यात असे काही उद्भवल्यास निरोप मिळताच पालकांनी त्यास घेऊन जावे. वाचताना हे कलम इतके रास्त वाटते की त्याखाली सही करताना कोणी क्षणभरही थांबत नाही. त्याची झळ लागते ती पुढे, कामाच्या ऐन गर्दीत फोन वाजतो आणि "बाळाचं अंग तापलंय, न्यायला या" एवढाच निरोप येतो तेव्हा. मग जिच्या किरकोळ रजा आषाढ-श्रावणातच संपून गेलेल्या असतात ती आई साहेबांपुढे आता कोणत्या तोंडाने उभे राहावे या चिंतेत असते, बापाच्या नोकरीला धक्का लागू द्यावयाचा नाही हे घरात न बोलताच ठरलेले असते, आणि इकडे पाळणाघर चालविणारी बाई उरलेल्या मुलांच्या आयांना उद्या काय उत्तर द्यावे या धास्तीत असते. दोघींचेही म्हणणे खरे असते आणि दोघींच्याही हाती फारसे काही नसते. या प्रसंगाकडे आपण आजच्या धावपळीच्या जीवनातील एक गैरसोय म्हणून पाहतो. वस्तुतः महाराष्ट्रात त्याला शंभर वर्षांहून अधिक इतिहास आहे, आणि तो पाहिल्यावाचून या कलहातील दोष नेमका कोणाच्या पदरी घालावा हे कळणे कठीण आहे.

आजारी मुलास इतरांपासून वेगळे ठेवण्याची रीत आपल्याकडे पाळणाघरांनी आणलेली नाही. देवी, गोवर, कांजिण्या यांपैकी काहीही निघाले की दाराला कडुनिंबाचा डहाळा लागे, परक्याचे येणे-जाणे बंद होई, घरात फोडणी वर्ज्य मानली जाई, मुलास निंबाच्या पाल्यावर मऊ धडपे अंथरून निजवीत, आणि अंगावरच्या खपल्या गळून पडेपर्यंत त्यास उंबऱ्याबाहेर काढीत नसत. या आचारामागची भावना देवीच्या कोपाची असे; परंतु त्याचा परिणाम पाहू गेल्यास तो संसर्ग आवरण्याचाच होता. मात्र या रीतीने एक प्रश्न कधी विचारला नाही : मुलास घरात ठेवावयाचे तर त्याच्या उशाशी बसावयाचे कोणी? विचारण्याचे कारणच नव्हते, कारण एकत्र कुटुंबात आजी, आत्या, काकू यांपैकी कोणीतरी त्या कामास बांधलेलीच असे, आणि पुष्कळदा ती घरातील विधवा असे. जिला स्वतःचे म्हणून आयुष्य उरू दिलेले नव्हते अशा स्त्रीच्या जागरणावर ही सारी व्यवस्था उभी होती. त्या काळाचे गोडवे गाताना हे विसरले जाते, आणि मला तो तिच्यावर केलेला दुसरा अन्याय वाटतो. ते कसेही असो, पाळणाघराच्या नियमातील 'घरी न्यावे' या दोन शब्दांत घर या संस्थेविषयीची जी समजूत दडलेली आहे ती या जुन्या घराची आहे; आणि ते घर मुंबईत येणाऱ्या मजुरापुरते तरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच मोडले होते.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला तिचे काम सुरू झाले. पुढील चार-पाच दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सारा मुलूख धुराड्यांनी भरून गेला, आणि रत्नागिरी, सातारा, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतून माणसांचा लोंढा तेथे येऊ लागला. पुरुषांच्या मागोमाग बायाही आल्या. रिळिंग आणि वाइंडिंग ही खाती मुख्यत्वे त्यांची होती. त्यांच्यावर देखरेख करणारी नायकीणही बाईच असे. १९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरणी-कामगारांत दर पाचांमागे जवळजवळ एक स्त्री होती. सासू-सासरे, दीर-जावा, शेताचा तुकडा आणि गोठा गावी राहिला. इकडे चाळीतील एका खोलीत कधी एक, कधी दोन-तीन बिऱ्हाडे आली. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांच्या कामाचे तास अकरांवर आणले होते, म्हणजे भोंग्याच्या आधी घर सोडावयाचे आणि दिवेलागणीला परतावयाचे. या अकरा तासांत धडधाकट मूल शेजारणीकडे किंवा सात-आठ वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या काखेत कसेबसे निभावून जाई. मूल आजारी पडले की मात्र आईपुढे तीनच वाटा उरत : त्यास गावी धाडणे, त्यास बरोबर गिरणीत नेणे, किंवा खाडा करणे.

खाडा हा गिरणगावातील फार जड शब्द होता. त्या दिवसाची मजुरी बुडे एवढेच त्याचे मोल नव्हते. गिरणीच्या फाटकाशी रोज सकाळी बदलीवाल्यांची रांग लागलेली असे, आणि कोणाची जागा कोणास द्यावयाची हे मुकादमाच्या किंवा नायकिणीच्या मर्जीवर असे. त्यामुळे दोन-चार खाडे पडलेल्या बाईस आपली जागा परत मिळवावयाची तर नायकिणीची मनधरणी करणे आणि प्रसंगी तिचा हात ओला करणे भाग पडे. मुलाच्या तीन दिवसांच्या तापाने महिन्याच्या पगाराचा आणि नोकरीचाही असा निकाल लागत असे. ज्या घरात वाण्याची उधारी आणि पठाणाचे व्याज दरमहा दारात उभे असे, त्या घरातील आईने मूल उशाशी घेऊन बसावे की कामावर जावे, हा प्रश्न मायेचा नव्हता. तिच्या मायेविषयी कोणास संशय घेण्याचे कारण नाही.

या अवस्थेत तिने जो उपाय शोधला त्याची नोंद सरकारी दफ्तरात आहे. मुंबई सरकारने १९२२ साली डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरची नेमणूक गिरण्यांतील स्त्रियांच्या बाळंतपणाच्या आधीच्या आणि नंतरच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी केली. त्यांना असे आढळले की गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी शंभरांतील ९८ मुलांना अफू दिली जात होती. बाळगोळी या नावाने ती बाजारात मिळे, आणि सकाळी एक गोळी चाटविली की मूल दुपारपर्यंत गुंगीत पडून राही. या आकड्याने त्या काळच्या सुशिक्षित वर्गास धक्का बसला, आणि गिरणीतील आयांच्या अज्ञानावर पुष्कळ लिहिले-बोलले गेले. परंतु अफू केवळ झोप आणीत नाही. ती खोकला दाबते आणि जुलाबही आवरते. ज्या मुलास हगवण लागलेली आहे किंवा जे खोकून-खोकून रडते आहे त्यास शेजारीण सांभाळावयास तयार होत नसे, आणि बाळगोळी दिलेले मूल निमूटपणे कोठेही ठेवता येई. म्हणजे ती गोळी एकाच वेळी औषध आणि राखणदार अशी दोन्ही कामे करी. तिने आजार बरा होत नसे, दृष्टीआड होत असे. भूक मरे, श्वास मंद होई, आणि मूल आतल्या आत खंगत जाई. इंग्लंडमधील गिरण्यांच्या शहरांतही एकोणिसाव्या शतकात गॉडफ्रेज कॉर्डियल या नावाचे अफूमिश्रित औषध मजूर स्त्रिया मुलांना पाजीत असत. दोन भिन्न धर्मांच्या, भिन्न भाषांच्या, परस्परांस कधी न पाहिलेल्या स्त्रिया एकाच उपायाशी येऊन पोहोचतात, तेव्हा त्यांच्या अज्ञानावर बोट ठेवण्याआधी त्यांच्या हजेरीपटाकडे पाहिले पाहिजे असे मला वाटते.

१९२१ साली मुंबई शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सुमारे ६६७ बालकांचे मृत्यू नोंदले गेले. एका खोलीच्या बिऱ्हाडांपुरते पाहिले तर हा आकडा ८२८ पर्यंत जात होता. हे आकडे जसेच्या तसे घेता येत नाहीत, कारण पुष्कळ स्त्रिया बाळंतपणास गावी जात आणि मूल घेऊन परत येत, त्यामुळे मृत्यूची नोंद मुंबईत होई व जन्माची होत नसे. एवढी वजावाट करूनही जे उरते ते भयंकर आहे.

या वेळेपावेतो काही मोजक्या गिरणीमालकांनी आपणहून पाळणाघराची तजवीज केली होती. नागपूरच्या एम्प्रेस मिलचे नाव या संदर्भात घेतले पाहिजे. पण बाकीच्या ठिकाणी मूल थेट खात्यात येत असे. मजुरांच्या स्थितीच्या चौकशीसाठी १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली कमिशनने हिंदुस्थानभर फिरून १९३१ साली जो अहवाल सादर केला, त्यात गोणपाटावर आणि बाबिणीच्या खोक्यांत निजविलेल्या मुलांचे वर्णन आहे : यंत्रांचा गडगडाट, हवेत तरंगणारा कापसाचा तूस, शेजारी फिरणारे पट्टे, आणि त्यांतून वर्षागणिक होणारे लहान-मोठे अपघात. या खोक्यांत निजलेल्या मुलांतील किती त्या दिवशी आजारी होती हे कोणी मोजले नाही. परंतु धडधाकट मुलास ठेवण्यास चाळीत कोणीतरी मिळत असे हे लक्षात घेता, गिरणीत आणलेली मुले बहुधा एक तर अंगावर पिणारी किंवा दुखणाईत असली पाहिजेत, असे अनुमान केल्यास ते चुकीचे ठरू नये. कमिशनने २५० किंवा अधिक स्त्रिया कामावर असतील अशा कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे करावे अशी शिफारस केली.

त्याआधी दोन वर्षे मुंबई इलाख्याने एक मोठे पाऊल उचलले होते. ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात १९२४ साली मांडलेले प्रसूति-साहाय्याचे विधेयक फेटाळले गेले, पण मुंबईच्या कायदेमंडळात तेथील सभासद आसवले यांनी ते पुन्हा आणले, आणि जुलै १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा देताना मातेला या काळात विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे स्पष्टपणे प्रतिपादन केले. १९२९ चा हा कायदा देशातील आपल्या प्रकारचा पहिला. त्याने बाळंतिणीस रोज आठ आणे दराने सात आठवड्यांचे साहाय्य दिले, तीन आठवडे आधीचे आणि चार नंतरचे. यामागचा विचार थोर होता. परंतु मुलाची दुखणी बाळंतपणानंतरच्या चौथ्या आठवड्यास संपत नाहीत. दात येताना, रांगताना, चार मुलांत मिसळताना ती येतात, आणि तेव्हा आई पुन्हा खात्यात उभी असते.

आता ज्या नियमापासून आपण आरंभ केला तो आला कोठून हे पाहू. पाळणाघर ही संस्था आजच्या स्वरूपात पॅरिसमध्ये जन्मली. फिर्मिन मार्बो या गृहस्थाने १४ नोव्हेंबर १८४४ रोजी शायो या वस्तीत मजूर स्त्रियांच्या दोन वर्षांखालील मुलांसाठी पहिले पाळणाघर उघडले. आया दिवसातून येऊन मुलास पाजीत, डॉक्टर येऊन पाहून जात. आणि दाराशीच अट होती की मूल आजारी नसावे व त्यास देवी काढलेल्या असाव्यात. ही अट निष्ठुरपणाची नव्हती. त्या काळच्या वैद्यांचा या संस्थेवरील मोठा आक्षेप असा होता की इतकी तान्ही मुले एका खोलीत आणल्यास साथ पसरेल, आणि ते खरेही होते. गोवर किंवा डांग्या खोकला अशा खोलीत शिरला तर त्यास आवरण्याचे कोणतेही औषध तेव्हा नव्हते. नियम आपल्या जागी योग्यच जन्मला. त्याच्या जोडीला ज्या दुसऱ्या नियमाची गरज होती, की अशा दिवशी आईची बुडालेली मजुरी कोणी भरून द्यावी, तो मात्र झाला नाही. पुढे पाळणाघर जगभर गेले, त्याबरोबर पहिला नियम गेला. दुसरा तेथेच राहून गेला.

आपल्याकडील कायद्याचा प्रवासही असाच झाला. १९३४ च्या कारखाने कायद्याने ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत मुलांसाठी खोली ठेवण्याविषयी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याच्या ४८ व्या कलमाने ती सक्ती केली, आणि १९७६ साली ही मर्यादा ५० वरून ३० स्त्रियांवर आली. या कलमाखाली राज्याराज्यांतून जे नियम झाले ते वाचताना त्यांच्या बारकाईचे कौतुक वाटते. दर मुलामागे वीस चौरस फूट जागा असावी. झोपण्यास पाळणा किंवा बिछाना असावा. धुण्याची खोली, साबण, स्वच्छ कपडे आणि टॉवेल असावेत. दर मुलास दिवसाला निदान अर्धा पाइंट शुद्ध दूध मिळावे. आईला कामाच्या वेळात मुलास पाजण्यासाठी पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन सुट्या मिळाव्यात. फूट, पाइंट आणि मिनिट असे सर्व काही मोजले गेले. मूल तापाने फणफणले असेल त्या दिवशी काय, हे मोजले गेले नाही. कामगार राज्य विमा योजनेचा कायदाही १९४८ चाच. मुंबईत १९५४ पासून ती लागू झाली आणि कामगार स्वतः आजारी पडल्यास त्यास रोख साहाय्य मिळू लागले. मुलाचे दुखणे हे मात्र त्या हिशेबात आईचा खाडाच राहिले.

अंमलबजावणीविषयी फार लिहीत नाही. १९४४ ते १९४६ या काळात रेगे समितीने देशातील कारखान्यांची पाहणी केली तेव्हा पुष्कळ ठिकाणची पाळणाघरे उपेक्षित, अस्वच्छ आणि केवळ कायद्याच्या धाकाने उघडलेली दिसली. याच सुमारास आणि पुढे, नवी यंत्रे, रात्रपाळीची बंदी आणि स्त्रीकामगारांमुळे अंगावर येणारा खर्च अशा अनेक कारणांनी मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण उतरत गेले.

इतिहासाच्या या भागात एक प्रकरण असे आहे की ज्याविषयी थोडे थांबून लिहावेसे वाटते. १९६९ साली दिल्लीत गांधी शताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालू असताना राजघाटाजवळ मजूर स्त्रियांची मुले उन्हात धुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तेथेच एका तंबूत पाळणाघर उघडले. त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली आणि १९७२ मध्ये ती मुंबईत आली. इमारत जेथे उभी राहते तेथे पाळणाघर न्यावयाचे, आणि ती पुरी झाली की पुढच्या जागी हलवावयाचे, अशी तिची पद्धत. या पाळणाघरांत येणारी मुले बहुतांशी अशक्त, हगवणीने आणि खरजेने गांजलेली असत. त्यांना आजारी म्हणून परत पाठवावयाचे ठरविले असते तर खोलीत एकही मूल उरले नसते. आणि पाठवावयाचे तरी कोठे, कारण त्यांचे घर म्हणजे त्याच जागेवरील पत्र्याची झोपडी आणि त्यांची आई म्हणजे तीस पावलांवर डोक्यावर घमेले घेऊन फळीवरून चढणारी बाई. तेव्हा या सेविकांनी मुलाचे दुखणे पाळणाघराच्या कामातच धरले. डॉक्टर तेथे येत, लसी तेथे टोचल्या जात, अशक्त मुलास वेगळा आहार तेथेच मिळे. आजारी मूल हे पाळणाघराच्या कामाबाहेरचे आहे ही समजूत अपरिहार्य नाही, याचा इतका चांगला दाखला आपल्याकडे दुसरा नाही.

मध्यमवर्गात पाळणाघर आले ते निराळ्या वाटेने. आयुर्विमा महामंडळ, बँका, टेलिफोन खाते, सचिवालय, शाळा यांत सुशिक्षित स्त्रिया मोठ्या संख्येने जाऊ लागल्या, आणि दादर, गिरगाव, डोंबिवली, सदाशिव पेठ अशा वस्त्यांतून एखादी प्रौढ गृहिणी आपल्याच दोन खोल्यांत चार-सहा मुले सांभाळू लागली. तिला सारे काकू किंवा आजी म्हणत. तेथे छापील नियम नसत. अंग कोमट असलेल्या मुलास काकू आपल्याच अंथरुणावर निजवी, पेज भरवी, आणि संध्याकाळी आई आली की आज त्याने काही खाल्ले नाही, रात्री लक्ष ठेव, एवढे सांगे. हे शक्य होते कारण मुले थोडी होती आणि काकू प्रत्येक आईला नावाने ओळखत होती. याची दुसरी बाजूही आहे : एकास कांजिण्या झाल्या की सहाही मुलांना होत, आणि काकूच्या स्वतःच्या नातवंडांनाही होत. पुढे मुले वाढली, जागा वाढल्या, भाडी वाढली, पगारी मदतनीस आल्या, करारपत्रे आली. आणि तापमापकावरील आकड्याने मूल आत की बाहेर हे ठरू लागले. आकडा पक्षपात करीत नाही हे खरे, पण तो आईची सकाळची बैठकही जाणत नाही.

वैद्यकशास्त्राने या काळात जे शिकविले तेही येथे नोंदविले पाहिजे. लहान मुलास वर्षाकाठी सहा ते आठ वेळा सर्दी-पडसे होणे स्वाभाविक असते, आणि पाळणाघरात जाणाऱ्यास पहिल्या वर्षी त्याहूनही अधिक वेळा होते. साध्या पडशाचा संसर्ग नाक वाहू लागण्याच्या आधीच सुरू होतो, म्हणून नाक वाहणारे मूल घरी धाडल्याने खोलीतील साथ फारशी थांबत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा आहे की मूल नेहमीच्या खेळांत भाग घेऊ शकते का, त्याची शुश्रूषा इतर मुलांकडे दुर्लक्ष न होता करता येते का, आणि त्याचा आजार इतरांस खरोखर धोक्याचा आहे का, या तीन कसोट्यांवर निर्णय घ्यावा. गोवर, कांजिण्या, जुलाबाची साथ यांत वेगळे ठेवणे आवश्यकच आहे. प्रत्येक शिंकेस तोच न्याय लावणे आवश्यक नाही. हा विवेक जेथे नाही तेथे पालकांची चीड समजण्यासारखी आहे. पण त्या चिडीतून जे घडते ते त्याहून वाईट आहे : सकाळी ताप असलेल्या मुलास पॅरासिटामॉलचे औषध पाजून आई-बाप त्यास पाळणाघरात सोडतात, चार-पाच तासांनी औषधाचा अंमल उतरतो, आणि दुपारी मूल सर्वांच्या देखत तापते. पॅरासिटामॉल म्हणजे अफू नव्हे, आणि योग्य मात्रेत ते मुलास अपायही करीत नाही. परंतु १९२२ ची आई ज्या कारणाने बाळगोळी उगाळीत होती आणि आजची आई ज्या कारणाने सकाळी घाईने औषधाची बाटली शोधते, ती दोन कारणे वेगळी आहेत असे कोणास सिद्ध करता येणार नाही.

यातून मार्ग निघतो का? निघालेला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या पोर्टलंड शहरी कायझर या उद्योगपतीच्या जहाजांच्या कारखान्यांत हजारो स्त्रिया कामास होत्या, आणि युद्धासाठी त्यांचा एकही दिवस वाया जाणे सरकारला परवडणारे नव्हते. तेथे नोव्हेंबर १९४३ मध्ये जी पाळणाघरे उघडली त्यांत किरकोळ आजारी मुलांसाठी वेगळा शुश्रूषाकक्ष आणि परिचारिका होत्या. शिवाय आईला घरी नेण्यास शिजविलेले अन्न मिळत असे. युद्ध संपताच १९४५ मध्ये ती बंद झाली. स्त्रीच्या श्रमाची निकड असते तोवर आजारी मुलासाठी जागा सापडते, आणि निकड सरली की ती नाहीशी होते, असा या प्रकरणाचा अर्थ मला लागतो. स्वीडनने अधिक टिकाऊ वाट धरली. तेथे १९७४ साली आजारी मुलासाठी घरी राहणाऱ्या आईस किंवा बापास सामाजिक विम्यातून वेतनाचा मोठा हिस्सा मिळण्याची तरतूद झाली. आरंभी ती वर्षाला एका कुटुंबास दहा दिवस होती. आज ती दर मुलामागे वर्षाला १२० दिवसांपर्यंत आहे. तेथील पाळणाघरेही आजारी मुलास घेत नाहीत. पण तेथे तो नियम कोणास गुन्हेगार ठरवीत नाही, कारण मुलास घरी नेणाऱ्याचा पगार त्याच्यामागून घरी येतो.

आपल्याकडे प्रसूति-लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची रजा २६ आठवड्यांची झाली, ५० किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेस पाळणाघर ठेवणे बंधनकारक झाले, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलास भेटण्याची मुभा मिळाली. केंद्र सरकारने २००८ पासून आपल्या स्त्री-कर्मचाऱ्यांना सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये १८० दिवसांची दिली. ही रजा ज्यांना आहे त्यांची संख्या राज्यातील नोकरदार आयांत थोडी आहे. खाजगी दुकाने व कचेऱ्यांसाठी महाराष्ट्राने २०१७ साली जो कायदा केला त्यात वर्षाला आठ दिवसांची किरकोळ पगारी रजा आहे. सहा ते आठ वेळा आजारी पडणारे मूल आणि आठ दिवसांची रजा यांचा हिशेब कोणत्याही आईस तोंडपाठ असतो. आणि या हिशेबाच्याही बाहेर ती घरकामगार स्त्री आहे जी दुसऱ्याचे तापलेले मूल मांडीवर घेऊन बसते, आणि जिचे स्वतःचे मूल त्याच वेळी झोपडीत थोरल्या बहिणीकडे असते. २००८ साली तिच्यासाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. तिच्या मुलाच्या तापाची रजा त्यात नाही.

पाळणाघरांनी आजारी मुलांस सक्तीने घ्यावे असे मी म्हणणार नाही. तसे केल्यास इतर मुलांवर आणि अल्प पगारावर राबणाऱ्या मदतनिसांवर अन्याय होईल. त्यांनी वैद्यकीय विवेकाने आपले नियम सौम्य करावेत, एवढी अपेक्षा रास्त आहे. मुख्य उणीव कायद्याची आहे. ज्या राज्याने १९२९ साली साऱ्या देशाआधी बाळंतिणीस पगारी विश्रांती दिली, त्या राज्याने आजारी मुलासाठी वर्षाला निदान दहा दिवसांची वेगळी पगारी रजा आईस आणि बापास समान हक्काने द्यावी, तिचा भार एकट्या मालकावर न टाकता विमा योजनेतून उचलावा, आणि घरकामगार व कंत्राटी स्त्रियांना तीतून वगळू नये. आणि ज्या वाचकांच्या हाती एखाद्या कारखान्याचा, शाळेचा किंवा कचेरीचा हजेरीपट आहे त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी या कायद्याची वाट पाहू नये. अशी रजा सुरू करण्यास आजही कोणत्याही सरकारी परवानगीची जरूर नाही.